पाचवीचं आवतन

दीक्षा झाकण लावलेली स्टीलची एवढीशी वाटी घेऊन निघाली, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. वाटीत दूध होतं, दोन मिली. दोन मिली म्हणजे किती? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला बूच असतं ना, त्यात ओतलं तर तळ झाकेल, बस्स. तेवढं काढायला तिला अर्धा तास लागला होता. त्या वेळी वाटेत कोणी धक्का मारला असता तर तिनं त्याची काही खैर ठेवली नसती.

बाळंतिणींच्या खोलीपासून लहान लेकरांच्या खोलीपर्यंत एक लांब व्हरांडा होता. त्याच्या टोकाला आपल्या चपला काढायच्या, आतल्या रबरी चपला घालायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा गाऊन चढवायचा आणि मग काचेचं दार ढकलायचं. दर दोन तासांनी हेच. पाच दिवसांत तिला ती वाट इतकी पाठ झाली होती, की डोळे बांधून सोडलं असतं तरी ती बरोबर सहा नंबरच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली असती.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट भुताखेताची आणि सुरुवात भर दुपारी? थांबा जरा. त्या काचेच्या दाराआड दिवस आणि रात्र असं काही नव्हतंच. खिडक्यांना जाड पडदे, ट्यूबलाइट चोवीस तास चालू, आणि आठ पेट्यांच्या यंत्रांचं ते टुक्‌ टुक्‌ टुक्‌. जिला तिथं यायचं होतं, तिला अंधाराची वाट पाहायची गरजच नव्हती.

सहा नंबरच्या पेटीत दीक्षाची लेक होती. वजन नऊशे चाळीस ग्रॅम, म्हणजे किलोच्या साखरेच्या पुड्याहून कमी. डोक्यात लोकरीची टोपी, नाकात नळी, तोंडात नळी, डोळ्यांवर पट्टी आणि वर निळा उजेड. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजता याव्यात. पण मूठ मात्र घट्ट आवळलेली! पहिल्या दिवशीच ती मूठ पाहून दीक्षा नवऱ्याला म्हणाली होती, "पाहा, भांडून राह्यली."

दीक्षा भीमपूरकडच्या एका गावात मराठी शाळेत बाई. नवरा अमरदीप तहसील कचेरीत कारकून. सातवा महिना नुकता लागलेला. सहा मेच्या सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती, आणि पायांखाली ओलं झालं. बादलीतलं पाणी सांडलं असेल म्हणून तिनं खाली पाहिलं, तर बादली चार हात दूर. मग अॅम्ब्युलन्स, मग आदिलाबादचा रस्ता, आणि दुपारी तीनच्या आत लेकरू बाहेर. रडणं कसलं, मांजरीच्या पिलासारखा एकदा बारीक आवाज केला आणि गप्प. कोणी पेढे मागितले नाहीत. कोणी कुणासारखी दिसते म्हणून विचारलं नाही.

डॉक्टरमॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. अठ्ठावीस आठवड्यांची आहे. अजून बारा आठवडे पोटात राहायची होती. जे पोटात व्हायचं ते आता पेटीत होईल. पहिल्या आठवड्यात वजन उतरेल, घाबरू नका. पिवळी पडेल, निळ्या लाइटखाली ठेवू. चोखता येणार नाही, नळीनं दूध जाईल, थेंबाथेंबानं. महिन्याभरानं डोळे तपासू, मग कान. मोठा वैरी म्हणजे जंतू, तेव्हा हात धुवा. आणि ती श्वास घ्यायला विसरेल.

"विसरेल?" अमरदीपनं विचारलं होतं.

"विसरेल. एवढ्याशा मेंदूला आठवण राहत नाही. तळपायावर बोट घासलं की आठवतं. तेवढ्यानं नाही झालं तर श्वासाचं यंत्र लावावं लागेल, आणि तिची फुप्फुसं फार कोवळी आहेत, म्हणून यंत्राची पाळी येऊ नये अशी माझी इच्छा आहे."

"पण पोरगी वाचन ना मॅडम?"

"बरीच वाचतात," मॅडम म्हणाल्या. "सगळी नाही."

दीक्षाला ती बाई त्या क्षणी आवडली. खोटं बोलली नाही. उठता उठता मॅडमनी कार्डावर लिहिलं, खरी तारीख एकोणतीस जुलै. "आणि एक ध्यानात ठेवा. हिचं वय इथून मोजू नका, एकोणतीस जुलैपासून मोजा. बसायला लागली कधी, बोलायला लागली कधी, सगळं त्या तारखेपासून. नाहीतर उगाच जिवाला घोर लावून घ्याल."

घोर लावायला माणसं होतीच की. भेटायला आलेली एक दूरची चुलती काचेतून डोकावून म्हणाली, "जाऊ दे माय, पोरगीच त हाय." दीक्षानं तिला तिथंच सुनावलं, "हो, पोरगीच हाय. म्हणून त एवढी टिकली." चुलती केळी ठेवून निघून गेली. केळी दीक्षानं खाल्ली. दूध यायचं तर खावं लागतं, आणि केळ्यांचा काय दोष?

व्हरांड्यात खोलीच्या दाराशी चटई टाकून द्वारकाबाई बसलेली असे. गुडीहत्नूरकडच्या कास्तकाराच्या घरची, साठीची, तोंडाळ आणि मायाळू. तिची सून भाग्यलक्ष्मी दीक्षाच्याच दिवशी बाळंत झालेली. नातू सात नंबरच्या पेटीत. तोही लवकरच आलेला, पण पावणेदोन किलोचा, म्हणजे त्या खोलीतला पहिलवान. भाग्यलक्ष्मीला ताप होता, म्हणून द्वारकाबाईच दिवसभर दाराशी राखणीला बसायची. दीक्षाला पाणी दे, डोकं चेपून दे, येणाऱ्याजाणाऱ्याला हाकल, सगळं तीच करायची.

चौथ्या दिवशी सकाळी ती दीक्षाला म्हणाली होती, "उद्या पाचवी हाय व पोरी. दोघा लेकरांची."

"आमच्यात नाही मावशी पाचवी-सटवाई."

"तुमच्यात ते नसन व. पण तिच्या वहीत त आपुन सारेच आलो ना?"

दीक्षा हसली होती. पाचव्या दिवशी सटवाई येते, लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची आणि कोणी पाहायचं नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तिच्या घरी मात्र या गोष्टीचा राग होता, आणि त्याला कारण होतं. तिची आजी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत राहिली. पायांना भेगा पडल्या, बोटं फाटली, आणि कधी चकार शब्द काढला की वावराचा मालक म्हणायचा, कपाळी लिहिलंय ते कोणाला चुकलंय का? दीक्षाचे वडील बाबाराव शिकून मास्तर झाले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कपाळ हा शब्दच घरातून हाकलून दिला. घरात कोणी 'माझं कपाळ' म्हटलं तरी ते डोळे वटारायचे.

तर हे असं होतं. पण दीक्षानं द्वारकाबाईला एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि खरं तर स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दूध द्यायला ती आत गेली, तेव्हा चार नंबरच्या पेटीपाशी एक म्हातारी वाकून उभी होती. हिरवट लुगडं, पाठीला बाक. दवाखान्यातली जुनी आया असेल असं वाटून दीक्षा पुढे गेली, तर म्हातारीच्या पायांत रबरी चपला नव्हत्या. अनवाणी! हात धुवून धुवून आपली कातडी सोलली आणि ही बाई अनवाणी आत? "मावशी, चपला घाला ना," दीक्षा शाळेतल्या आवाजात म्हणाली. म्हातारीनं मान वर केली नाही. खोलीत रोज स्पिरिटचा वास असे, त्या क्षणी मात्र ओव्याच्या धुरीचा वास आला, बाळंतिणीच्या शेगडीवर ओवा टाकला की येतो तसा. आणि एक आवाज. करकर... करकर... दीक्षा बारा वर्षं पहिलीचा वर्ग शिकवत होती. पाटीवर पेन्सिल चालल्याचा आवाज तिला झोपेतही कळला असता.

तिनं लेकीला दूध दिलं आणि वळून पाहिलं, तर म्हातारी नव्हती.

"ती म्हातारी आया कोण हाय?" तिनं सिस्टर रंजीताला विचारलं. रंजीता तेलुगू मुलुखातली, पण दोन वर्षांत तोडकंमोडकं मराठी शिकलेली.

"म्हातारी? नाही अम्मा. आपल्या दोन आया, दोघी तुमच्यापेक्षा लहान."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरची पेटी रिकामी होती. पुसून, धुवून, कोरी चादर घालून ठेवलेली. त्या लेकराची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पदराला दुधाचे ओले डाग होते. दीक्षानं तिच्याशेजारी बसून घेतलं. तिचा हात हातात धरला. पण मनात कुठंतरी ती करकर सुरूच राहिली.

आता या पाचव्या दिवशी, एक वाजता, दूध देऊन ती बाहेर आली. सकाळपासून लेक चार वेळा श्वास विसरली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, आजचा दिवस अवघड आहे. संध्याकाळपर्यंत विसरणं वाढलं तर यंत्र लावावं लागेल. दीक्षा चटईवर द्वारकाबाईजवळ टेकली. द्वारकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच म्हणाली, "मी पूजली पाचवी."

"बरं केलं. नातवाले सुखी ठेव म्हणा."

"दोघांची पूजली." द्वारकाबाईनं चटईचा कोपरा उचलला. खाली दोन घडी केलेले कोरे कागद होते आणि दोन पेन. हळद वाहिलेली. "तुह्या लेकराची कोणी करणार नाही म्हटलं. लेकराची आबाळ नको व्हायले. त मीच आवतन देल्लं."

दीक्षाचा तांब्या हातातच राहिला. "कोणाले इचारून, मावशी?"

"अवं, चांगल्यासाठीच..."

"माह्या लेकराच्या नावानं आवतन द्याचं त मले इचाराचं होतं ना! उचला तो कागद. आत्ताच उचला."

द्वारकाबाईचा चेहरा उतरला. तिनं खरोखर मायेनं केलं होतं बिचारीनं. तिनं कागदाला हात लावला आणि परत मागे घेतला. "आता नाही उचलता येत व... आवतन गेलं का गेलं. परत नाही फिरत ते."

दीक्षानं स्वतः कागद उचलला, चार तुकडे केले, पेन खिडकीतून बाहेर फेकला. द्वारकाबाई तोंडावर पदर घेऊन पुटपुटत राहिली. बाहेर उन्हाचा रंग बदलत होता. मंचेरियलच्या बाजूनं आभाळ तांबूस झालं होतं आणि धुळीचा पहिला लोट दवाखान्याच्या आवारात शिरला होता.

तीन वाजता दीक्षा पुन्हा वाटी घेऊन निघाली. या खेपेला वाटीत तीन मिली होते. संतापानं दूध वाढतं की काय देव जाणे. ती हात धुवून काचेचं दार ढकलते तोच वारा सुटला, बाहेर कुठंतरी पत्रा धाडकन पडला आणि वीज गेली.

सगळ्या यंत्रांनी एकदम टाहो फोडला. जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागत, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि यंत्रांच्या बॅटऱ्या तेवढा वेळ तग धरत. पण रंजीता थांबली नाही. तिनं हातातल्या बॅटरीच्या उजेडात दीक्षाला आरामखुर्चीत बसवलं, गाऊन सोडवला, आणि पेटीतून ते लेकरू उचलून नळ्यांसकट सरळ तिच्या छातीवर उभं ठेवलं. वरून कापडी पट्टा आवळला. "अम्मा, तुमची छाती हीच पेटी आता. एका हातानं ही नाकाची नळी धरा, हलू द्यायची नाही. दुसरा हात मोकळा ठेवा, पाप्पाच्या, बाळाच्या पायाजवळ." आणि ती दुसऱ्या टोकाच्या पेटीकडे धावली.

पाच दिवसांत पहिल्यांदाच लेक तिच्या अंगाला लागली होती. वजन जाणवतच नव्हतं. जाणवत होती फक्त ऊब, आणि एक भरभर चाललेली धडधड. दीक्षाचे डोळे भरून आले. "आलीस का व माय," ती कानाशी म्हणाली, "मी हाय. मी हाय इथं."

मग यंत्रांचा आरडाओरडा थांबला.

बंद पडला नाही, थांबला. एका झटक्यात, सगळाच. रंजीताची बॅटरी पलीकडे दिसत होती, पण ती हलत नव्हती, आणि रंजीताही हलत नव्हती. बाहेरच्या धुळीमुळे पडद्यांमागे मातकट उजेड होता. त्या उजेडात ओव्याच्या धुरीचा वास हळूहळू पसरत गेला, दाट, गोडसर, घशात उतरणारा. आणि फरशीवर अनवाणी पावलं वाजली. थप्‌... थप्‌...

आधी ती सात नंबरपाशी थांबली. द्वारकाबाईच्या नातवापाशी. वाकली. करकर... करकर... करकर... बराच वेळ लिहीत होती. मग पाठ सरळ करून तिनं सुस्कारा सोडला, दिवसभर निंदण करून उठलेल्या बाईसारखा, आणि दीक्षाकडे वळली. चेहरा दिसत नव्हता. पदर फार पुढे ओढलेला. हातात बोरूसारखं काहीतरी होतं आणि त्याच्या टोकाला काळं, ओलं.

दीक्षाला ओरडायचं होतं. आवाज फुटला नाही. डाव्या हातात नाकाची नळी. उजवा हात तिनं लेकीच्या कपाळावर टोपीसकट दाबून धरला.

"हात काढ पोरी..." आवाज खरखरीत होता, पण रागाचा नव्हता. "लय येळ नाही लागत. दोनच ओळी हायत."

दोनच ओळी. चार नंबरवर किती ओळी होत्या, ते तिला न विचारता कळलं.

"नाही लिहू देनार."

"आवतन आलं मले..."

"तिनं देल्लं. माय मी हाय." आवाज फुटला एकदाचा, आणि फुटला तो थेट वर्गातला. "आन तारीखबी चुकली तुमची. हिची पाचवी आज नाही. एकोणतीस जुलै हाय हिची तारीख. मॅडमनं कार्डावर लिहून देल्ली. अजून जन्मलीच नाही ते. पोटातल्या लेकराच्या कपाळावर लिहिता काऊन तुमी?"

म्हातारी थबकली. खरंच थबकली. बोरू धरलेल्या हाताच्या बोटांच्या पेरांवर ती अंगठ्यानं काहीतरी मोजू लागली. वैशाख... जेठ... आषाढ... पुटपुटणं ऐकू येत होतं. दीक्षाला वाटलं, जिंकलो.

आणि तेवढ्यात छातीवरची धडधड मंदावली.

लेक श्वास विसरली होती. छाती हलत नव्हती. एक... दोन... तीन... तळपाय घासायला पाहिजे, आत्ता, या क्षणी. पण मोकळा हात एकच, आणि तो कपाळावर. कपाळावरचा हात काढला तर कपाळ उघडं. न काढला तर... चार... पाच...

मोजता मोजता म्हातारी थांबली. तिला घाई नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, हात केव्हा निघतो त्याची.

दीक्षाला इतका राग आला, इतका राग, की भीती कुठल्या कुठे गेली. "काय समजली व तू आमाले?" ती दातांवर दात दाबून म्हणाली. "कपाळी लिहिलं हाय, कपाळी लिहिलं हाय, असं सांगून सांगून माह्या आजीची बोटं फाडली तुमी लोकायनं. माह्या लेकीच्या कपाळावर एक काना नाही पडनार. लिहाचीच खाज असन त मले लिही."

आणि तिनं मान मोडावी तशी वाकवली. आपलं कपाळ लेकीच्या कपाळावर गच्च टेकवलं, मधे बोट शिरणार नाही असं. मग उजवा हात सुटला आणि तळपायावर गेला. घासला. पुन्हा घासला. "आठव. आठव माय. श्वास घे. असा घे, माह्यासंगं घे." ती मोठ्यानं श्वास घेऊ लागली, लेकीला ऐकू जाईल असा. घेतला, सोडला. घेतला, सोडला.

मानेवर, मागे, केसांच्या खाली, गार टोक टेकलं.

करकर...

जळत होतं आणि गारही लागत होतं. दीक्षा हलली नाही. एक ओळ पूर्ण झाली, ते तिला कळलं, कारण टोक उचललं गेलं आणि खाली सरकून पुन्हा टेकलं. दुसरी ओळ. ती तळपाय घासत होती. "श्वास घे. लबाड, घे म्हनतो ना..." करकर... करकर...

लेकीनं एक उचकी दिली. छातीवर छाती फुगली. मग पुन्हा, मग भरभर, आणि मांजरीच्या पिलाचा आवाज नव्हे, चक्क रडण्याचा आवाज आला, चिडलेल्या, भुकेल्या लेकराचा.

मानेवरचं टोक मधेच थांबलं. ट्यूबलाइट लागली. यंत्रं पुन्हा कोकलू लागली आणि रंजीता धावत आली.

"काय झालं अम्मा? रडली? पाप्पा रडली?" तिनं लेकीची बोटं पाहिली, यंत्रावरचे आकडे पाहिले आणि हसली. आकडे झकास होते. मग दीक्षाचा पट्टा नीट करायला ती मागे गेली आणि थांबली. "अम्मा... मानेवर काय लिहिलं तुमच्या?"

स्पिरिटनं पुसलं. साबणानं घासलं. गेलं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात अमरदीपनं पाहिलं. कचेरीत निजामाच्या काळातली जुनी दफ्तरं चाळणारा माणूस. मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही वाचायचा, मोडीतलंही थोडं लागायचं त्याला. त्यानं मोबाइलचा उजेड धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. "यातलं काहीच नाही व दीक्षा," तो म्हणाला. "दोन ओळी हायत. दुसरी अर्धीच हाय. मधेच तुटली."

द्वारकाबाई भिंतीला टेकून रडायला लागली. "माह्यानं झालं व पोरी, माह्यानं झालं. लेकीचं लिहिलेलं तुले लागलं..."

"रडू नका मावशी," दीक्षा म्हणाली. "माह्यावर लिहिलं ना? लिहू द्या. मी पाहून घेईन." आणि केसांचा अंबाडा सोडून तिनं वेणी मानेवर टाकली, कारण सात वाजत आले होते आणि पुन्हा दूध काढायचं होतं.

द्वारकाबाईचा नातू तीन आठवड्यांनी घरी गेला, गुटगुटीत होऊन. दीक्षाच्या लेकीचं सोपं नव्हतं. मॅडमनी सांगितलेलं एकेक येत गेलं. कावीळ आली, गेली. एकदा जंतुसंसर्ग झाला, दहा दिवस सगळे हवालदिल. डोळ्यांवर उपचार करावे लागले. दर दिवशी वजनाच्या काट्यावर दहा-दहा ग्रॅमसाठी दीक्षाचा जीव टांगणीला. पण श्वास विसरणं कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं. यंत्राची पाळी आली नाही. जुलैच्या मध्यावर दोन किलोची लेक घरी आली, आणि एकोणतीस तारखेला त्यांनी तिचं नाव ठेवलं, उत्पला. दीक्षानं त्या दिवशी तिचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं.

दीक्षाचं म्हणाल, तर ती ठणठणीत आहे. शाळेत जाते, मुलांवर ओरडते. रात्री कधी मान गार पडल्यासारखी वाटते, तेवढंच. अर्ध्या ओळीत काय असेल, पुढचं काय राहिलं असेल, याचा विचार अमरदीप करतो; ती करत नाही, निदान तसं म्हणते तरी.

परवाची गोष्ट. उत्पला आता मॅडमच्या हिशेबानं अकरा महिन्यांची. आईच्या खांद्यावर मान टाकून पडली की तिला एक खेळ लागतो. उजव्या हाताचं बोट ती आईच्या मानेवर, वेणीच्या खाली फिरवत बसते. सावकाश, मन लावून. दीक्षाला गुदगुल्या होतात. परवा ती अशीच लेकीला पाठीशी बांधून ओट्याशी भाकरी थापत होती, आणि पाणी प्यायला आलेला अमरदीप मागे उभा राहिला तो उभाच राहिला.

"काय झालं?"

"दीक्षा... ते ओळ पुढं गेली."

"काय?"

"जिथं तुटली होती ना, तिथून पुढं एक अक्षर हाय. नवं. पहिल्या अक्षरांसारखं नाही ते. मोठं हाय, वाकडंतिकडं... पाटीवर पहिल्यांदा पेन्सिल धरलेल्या लेकराचं असते तसं."

दीक्षाचे पिठाचे हात थांबले. तिनं मान वळवून लेकीकडे पाहिलं. उत्पला गालात हसत होती, आणि तिच्या बोटाचं टोक काळं होतं, ओलं.

अमरदीपनं घाईघाईनं खिशातून रुमाल काढला.

"हात नका लावू," दीक्षा म्हणाली. "लिहू द्या तिले."